हीटर चालू होता

१

वस्ताद थंडीने मेले, आणि ते मेले तेव्हा त्यांच्या पलंगासमोर हीटर चालू होता. या दोन गोष्टी एका खोलीत मावत नाहीत, एवढं कळायला फार डोकं लागत नाही. आमच्या ठाण्यातसुद्धा ते लगेच कळलं आणि आम्ही दुपारच्या आत एका बाईला उचलून आणलं. मी त्या ठाण्याचा फौजदार. माझी बढती रखडली होती आणि मला झटपट सुटणारी प्रकरणं आवडायची.

वस्तादांचा धंदा हीटरच्या कॉइली बनवण्याचा. घराच्या पुढच्या भागात कारखाना, मधे राहायच्या खोल्या आणि सगळ्यात मागे पत्र्याचं छप्पर असलेली एक ऐसपैस खोली. पूर्वी ते गोदाम होतं. अर्धांगवायूने वस्तादांची वाचा आणि उजवी बाजू गेली, तेव्हा त्यांना तिथे हलवलं. शिल्लक राहिला डावा हात आणि डोळे. चालते-बोलते असताना हा माणूस तापलेल्या कॉइलचा नुसता रंग बघून किती वॅटची आहे ते सांगायचा, आणि सहसा चुकायचा नाही. कारागिराच्या हातून चूक झाली तर तीच तापलेली कॉइल त्याच्या बोटांजवळ धरायचा, असंही शेजारी सांगत होते.

घरात माणसं मोजकी. थोरली मुलगी, जिला सगळा कारखाना ताई म्हणायचा. चाळिशी उलटलेली, लग्न न झालेली, कॉइल गुंडाळण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. धाकटा मुलगा, गिऱ्हाइकं आणि मालाची ने-आण बघणारा, बोलायला तिखट. आणि मावशी, वस्तादांची शुश्रूषा करायला ठेवलेली पगारी बाई, जी त्यांच्याच खोलीत पडद्याआड झोपायची.

मी सकाळी खोलीत शिरलो तेव्हा तोंडातून वाफ निघत होती. हीटर पलंगापासून बराच लांब, वायर ताणून ठेवलेला होता. लोखंडी खोका, पुढे जाळी, आत चिनीमातीच्या दोन नळ्यांवर गुंडाळलेल्या दोन कॉइली. दिवसाच्या उजेडात त्यांचा तांबडेपणा दिसत नव्हता, पण जाळीवर हात धरला तर कोमट लागत होतं. मावशी शाल गुंडाळून मयताच्या पायाशी बसली होती.

धाकट्याचं म्हणणं सरळ होतं. हिला रात्री उकडतं म्हणून हिने हीटर बंद केला, सकाळी बाबा गार पडलेले दिसले तेव्हा घाबरून परत लावला. मावशी एकच वाक्य घेऊन बसली होती.

"हीटर चालू होता. मी बटणाला हात लावला नाही."

"मग मीटर खोटं बोलतो का?" धाकटा म्हणाला, आणि मला हाताला धरून भिंतीपाशी घेऊन गेला.

२

त्या घरात प्रत्येक खोलीला वेगळा छोटा मीटर होता. वस्तादांचा नियमच तसा. संध्याकाळी जेवणं झाली की आणि सकाळी उठलं की कुणीतरी एकेका मीटरचा आकडा मोठ्याने वाचायचा, आणि ज्याच्या खोलीत जास्त वीज जळली त्याचा चहाच्या वेळी सगळ्यांदेखत पाणउतारा व्हायचा. वस्तादांची वाचा गेली तरी आकडे वाचणं थांबलं नव्हतं. मागच्या खोलीच्या मीटरवर फक्त हीटर आणि एक नखाएवढा दिवा होता.

धाकट्याने मला शाळेतल्या पोराला समजावतात तसं समजावलं. हीटरच्या पाटीवर लिहिलंय, २३० व्होल्ट, २००० वॅट. दोन हजार वॅट म्हणजे तासाला दोन युनिट. संध्याकाळी आठला लावल्यापासून सकाळी सहाला आकडा वाचेपर्यंत दहा तास, म्हणजे वीस युनिट जळायला हवीत. तोवर मीटर सरकला पाचने.

"म्हणजे अडीच तास चालला, साहेब. बाकीची रात्र माझा बाप कशाच्या उबेवर होता, विचारा हिला."

मी विचारलं. आमच्या खात्यात असले प्रश्न विचारायचा एक आवाज असतो, तोच लावला. मावशी म्हणाली, चालू होता. धाकट्याने पुढे होऊन तिच्या थोबाडीत मारली आणि मी तेवढा वेळ छपराकडे बघितलं. ती रडली नाही. तिच्या पोरीचं बाळंतपण जवळ आलं होतं, घरात कमावणारी ही एकटीच, आणि निष्काळजीपणाने जीव घेतला असा ठपका बसला की पुन्हा कुठल्याही आजारी माणसाच्या खोलीचं दार तिला उघडणार नव्हतं. हे मला तिनेच नंतर गाडीत सांगितलं, तक्रार न करता.

ताई दारात उभी होती. ती मावशीवर एकदाही ओरडली नाही. उलट मी यायच्या आधीपासून तिला म्हणत होती, जा, तोंड धू, चहा घे, मी बसते बाबांपाशी. मावशी जागची हलली नव्हती. माणूस उचलून नेईपर्यंत त्याला एकटं सोडायचं नाही, असं तिचं म्हणणं. मला ताईचा स्वभाव आवडला. आम्ही हीटर जप्त करून त्याला लाख लावली, तेव्हा तिने हळूच विचारलं की तो परत कधी मिळेल. मी म्हटलं, खटला संपल्यावर.

माझ्या मते प्रकरण संपलं होतं. पण विजेच्या वस्तूजवळ माणूस मेला की विद्युत निरीक्षकांचा अहवाल लागतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मीटरबाई ठाण्यात आल्या आणि त्यांनी हीटरची लाख फोडायला सांगितली.

३

मीटरबाई हे नाव आम्ही ठेवलेलं. बुटक्या, खणखणीत आवाजाच्या, आणि समोरच्याला वाक्य पुरं करू न देणाऱ्या. त्यांनी ठाण्याच्या मागच्या खोलीत हीटर लावला आणि प्लगपाशी व्होल्टेज मोजलं. बरोबर दोनशे तीस. मी म्हटलं, बघा, हीटर ठणठणीत आहे.

"दोनशे तीस भिंतीतून आलं, फौजदार. ही भिंतीची तब्येत झाली. हीटरने त्यातून किती प्रवाह ओढला ते अजून बघायचंय."

त्यांनी वायरभोवती चिमट्यासारखा मीटर लावला. आकडा आला दोन अँपिअर आणि वर थोडंसं. मग त्यांनी माझ्यापुढे पेन टाकलं. माझं गणित शाळेतच वारलं होतं, पण गुणाकार जमला. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. आले पाचशे. पाटीवर दोन हजार. त्यांनी भागाकारही करायला लावला: व्होल्ट भागिले अँपिअर म्हणजे कॉइलचा रोध, ती विजेला किती अडवते ते. आले एकशे सहा ओहम. पाटी खरी धरली तर प्रवाह जवळजवळ पावणेनऊ अँपिअर हवा होता आणि रोध साडेसव्वीसच्या आसपास.

"चौपट," मी म्हणालो. "जुना झाला असेल."

"कॉइल जुनी झाली तर रोध थोडा वाढतो. एक तुटली तर दुसरी चालते, ऊब निम्मी होते. मोजून पाव ऊब आपोआप होत नाही. स्क्रू ड्रायव्हर द्या."

तळाचे स्क्रू निघाले. बाईंनी मला डोकं आत घालायला लावलं. दोन्ही कॉइली सारख्या, प्रत्येकी त्रेपन्न ओहमच्या. मुळात त्या शेजारीशेजारी जोडलेल्या, विजेला दोन वाटा मिळायच्या, त्यामुळे दोन्हींचा मिळून रोध एकीच्या निम्मा. कुणीतरी पहिलीचं शेपूट दुसरीच्या तोंडाला जोडलं होतं. आता विजेला दोन्ही कॉइलींतून एकामागोमाग जावं लागत होतं. रोध चौपट, प्रवाह पाव, ऊब पाव. कॉइल अंधारात काळपट तांबडी दिसत राहणार, हात धरला तर कोमट लागणार, आणि पत्र्याच्या खोलीतला लुळा म्हातारा हळूहळू गार होणार.

"आता धाकट्याची पाच युनिटं घ्या," बाई म्हणाल्या. "त्याने दोन हजार वॅट धरले आणि तास काढले. तुम्ही तास धरा."

पाच युनिट, दहा तास. अर्धा किलोवॅट. मी हिशेब पुन्हा करून बघितला. तीच पाच युनिटं मावशीला आत टाकत होती आणि तीच तिला सोडवत होती. हीटर रात्रभर चालू होता.

बाई अजून आतच बघत होत्या. नव्या जोडावर नळी चढवलेली होती, टोकं छाटलेली होती, पीळ एकसारखा होता.

"हे घाईचं काम आहे, पण हात कॉइलीवाल्याचा आहे," त्या म्हणाल्या. "चला, त्या घरी जाऊ. आणि तिथे जोडाबद्दल तोंड उघडायचं नाही."

४

आधी कोठडीत मावशीला विचारलं. ती जे बोलली ते ऐकून मी सिगारेट विझवली.

त्या दिवशी दुपारी ताईने तिला मलम आणायला लांबच्या औषधाच्या दुकानात पाठवलं होतं. ती परत आली, संध्याकाळी हीटर लावला, आणि थोड्याच वेळात वस्ताद अस्वस्थ झाले. डोळे मोठे करून हीटरकडे बघायचे, डाव्या हाताने त्याच्याकडे बोट दाखवायचे, हात हलवायचे, घशातून आवाज काढायचे. त्यांच्या खुणा घरात एकट्या ताईला कळायच्या, म्हणून मावशीने तिला बोलावलं. ताई म्हणाली, बाबांना उकडतंय, रजई काढ आणि हीटर लांब सरकव. मावशीने सरकवला. वस्ताद आणखीच हात हलवू लागले. ताई म्हणाली, अजून लांब.

"वायर ताणेपर्यंत नेला मी. मग त्यांनी हात खाली टाकला. डोळ्यांतून पाणी येत होतं. मला वाटलं, आता बरं वाटतंय त्यांना." मग ती म्हणाली, "मला रात्रभर थंडी वाजत होती साहेब, पण तांबडं दिसत होतं ना."

बाईंनी तिला जाता जाता विचारलं, हीटरची कॉइल मधोमध कापून अर्धीच लावली तर ऊब किती होईल. मावशी म्हणाली, मला त्यातलं काय कळतंय. मला वाटलं बाईंना गंमत सुचतेय.

कारखाना चालू होता. वस्तादांना पोचवून आल्यावर ताई थेट कामाच्या बाकावर जाऊन बसली होती म्हणे. आम्ही गेलो तेव्हा तिच्यापुढे कुण्या खानावळवाल्याचा परत आलेला हीटर होता. बाईंनी विचारलं, काय तक्रार आहे. ऊब कमी पडते, ताई म्हणाली. न बघताच तिने कॉइलच्या टोकाचे काही वेढे कापून टाकले, उरलेली ताणून नळीवर चढवली आणि खोका बंद केला. तिच्या बोटांना जुन्या भाजल्याचे डाग होते. बाई ते काम होईस्तोवर तिथेच रेंगाळल्या आणि मी मनात त्यांना शिव्या घातल्या.

माझा संशय धाकट्यावर होता आणि तो दूर करायचं त्यानेही मनावर घेतलं नव्हतं. त्याला कारखाना बंद करून जागा भाड्याने द्यायची होती. त्याने सहीसाठी पुढे केलेला कागद वस्ताद डाव्या हाताने प्रत्येक वेळी भिरकावून देत. दुपारी कुठे होतास विचारलं तर म्हणाला, घरातच, झोपलो होतो. मीटर बघायचं कसं सुचलं विचारलं तर खांदे उडवले. ताई म्हणाली आधी मीटर बघ, मग बघितला, म्हणे. बाईंनी त्यालाही तोच प्रश्न घातला: अर्धी कॉइल कापली तर?

"अर्धी कॉइल, अर्धी ऊब," तो हसला. "निरीक्षक आहात ना तुम्ही?"

बाई ताईकडे वळल्या. तिला त्यांनी दुसरं काहीच विचारलं नाही. ताईने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा भावाकडे.

"अर्धी," ती म्हणाली.

बाईंनी पिशवीची चेन ओढली. "झालं, फौजदार. दार लावून घ्या."

५

मी दार लावलं आणि धाकट्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. बाईंनी मला हात करून ताईच्या बाजूला जायला सांगितलं.

त्या बोलल्या ते थोडक्यात असं. कॉइल अर्धी कापली तर रोध अर्धा होतो. व्होल्ट तेच, म्हणून प्रवाह दुप्पट, आणि ऊबही दुप्पट. सगळ्या जगाला उलटं वाटतं, धाकट्यालाही वाटतं. तो या घरात वाढला पण बाकावर कधी बसला नाही. बापाला गारठवायचं त्याच्या मनात आलं असतं तर त्याने कॉइल कापली असती, आणि वस्तादांची खोली त्या रात्री भट्टी झाली असती. दोन कॉइली एकामागोमाग जोडून ऊब मोजून पाव करायची, ही त्याच्या डोक्यातून निघणारी गोष्ट नाही.

"आणि ताई, तुम्ही तासाभरापूर्वी माझ्यासमोर ऊब वाढवायला कॉइल कापलीत. बघितलंसुद्धा नाहीत, इतकं ते तुमच्या हातात आहे. तरी मला म्हणालात, अर्धी. धाकट्याला येत नाही म्हणून तो चुकला. तुम्हाला येतं हे लपवायला तुम्ही चुकलात."

बाकीचं आपोआप जुळलं. दुपारी मावशीला कुणी पाठवलं. खुणांचा अर्थ कोण सांगत होतं. मीटर बघायला कुणी सुचवलं. सकाळी मावशीला खोलीबाहेर काढून दोन मिनिटांत जोड पूर्ववत करायला कोण टपलं होतं. मावशी हट्टाने मयतापाशी बसून राहिली नसती तर हीटर आमच्या हाती आला तेव्हा दोन हजार वॅटचा असता आणि मावशीला देवही सोडवू शकला नसता.

धाकटा पांढरा पडला होता. ताई नाही. तिने बोटांवरची धूळ फडक्याला पुसली आणि बसून घेतलं.

तिने सांगितलं ते कसलाही आव न आणता सांगितलं. तरुणपणी तिला एक स्थळ आलं होतं. माणूस तिला आवडला होता, बोलणी ठरत आली होती, आणि एक दिवस तो यायचाच बंद झाला. तिने स्वतःतच खोट शोधली आणि बाकावर बसून राहिली. गेल्या महिन्यात तोच माणूस हीटर दुरुस्तीला घेऊन आला, टक्कल पडलेला, नातवाला कडेवर घेऊन. काम होईपर्यंत त्याने आपुलकीने चौकशी केली, आता फिट येतात का.

"बाबांनी त्याला सांगितलं होतं, मला फिट येतात म्हणून. माझ्यासारखा हात दुसरा मिळाला नसता ना त्यांना." तिने धाकट्याकडे बघितलं. "मी त्याच दिवशी बाबांना विचारलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. झोपले नव्हते, नुसते मिटले."

बाईंनी विचारलं, मारायचंच होतं तर उशी होती, औषधं होती. हीटर का?

"उशीने त्यांना कळलं नसतं. कॉइलचा रंग बघून वॅट सांगायचे ते. त्या दिवशीही बघितला, आणि मग माझ्याकडे बघितलं. त्यांना सगळं कळलं होतं. ते हीटर जवळ आणा म्हणत होते आणि मी शेजारी उभी राहून सांगत होते, बाबांना उकडतंय." तिने फडकं घडी करून बाकावर ठेवलं. "जोड चांगला झाला होता ना?"

बाईंनी पिशवी उचलली. मीच मान हलवली, का ते मला माहीत नाही.

धाकट्याला कंठ फुटला तो तिला गाडीत बसवताना. मला वाटलं आता तो बहिणीच्या अंगावर धावून जाणार, म्हणून मी मधे आलो. तो मला बाजूला घेऊन विचारत होता, जामीन कधीपर्यंत होईल. खानावळवाल्याचे आणखी सहा हीटर पडून आहेत आणि ते दुसऱ्या कुणाला जमणार नाहीत.

६

मावशीला सोडायचं म्हणजे सही घ्यायची आणि दार उघडायचं, एवढंच. मला ते काम स्वतः करायचं होतं. थोबाडीत बसली तेव्हा मी छपराकडे बघितलं होतं, त्याची थोडीफार भरपाई होईल असं वाटलं. मी तिला म्हटलं, तुमच्यावर कसलाही ठपका नाही, तसं लिहून देतो, कुठेही काम मागा. हीटर चालूच होता, तुम्ही खरं बोलत होतात. ती माझ्या पायांना हात लावायला वाकली, मी मागे सरलो.

खुणांचं मी तिला सांगितलं नव्हतं. बाईंनीही बजावलं होतं, ते तिच्या कानावर जाऊ देऊ नका.

पण आमच्या ठाण्यात आत जायची आणि बाहेर पडायची वाट एकच, अरुंद बोळाची. मावशी बाहेर निघाली आणि समोरून शिपाई ताईला घेऊन आले. मावशी थबकली. तिला काय झालंय ते नीट समजलेलं नव्हतं. तिने सवयीने भिंतीला चिकटून वाट दिली आणि मग विचारलं, अगदी घरात विचारावं तसं, "ताई, ते त्या रात्री एवढं काय मागत होते हो?"

मी शिपायाला म्हणालो, चल, पुढे घे. पण ताई थांबली होती, आणि तिने मावशीकडे पुरतं बघितलं. आजवर मी पुष्कळ गुन्हेगार पाहिलेत, विनाकारण केलेलं इतकं वाईट काही पाहिलं नाही.

"हीटर जवळ आण म्हणत होते," ती म्हणाली. "तूच तर लांब नेलास, मावशी."

शिपाई तिला घेऊन गेले. मावशी भिंतीला टेकून उभी राहिली. तिने आपले दोन्ही हात पुढे धरले आणि बघत राहिली. मी भराभर बोललो, तुम्हाला सांगितलं तसं तुम्ही केलंत, तुम्हाला काय माहीत, चूक तुमची नाही, पोरगी वाट बघत असेल, घरी जा. तिने मान हलवली. मला वाटलं पटलं.

मी टेबलाशी जाऊन कागद पुरे केले. वर बघितलं तर बाहेरचं दार तसंच सताड उघडं होतं आणि बोळात कुणी नव्हतं. मावशी ज्या कोठडीतून निघाली होती तिथेच परत जाऊन बसली होती. दार तिने आतून ओढून घेतलं होतं.

मी गजांपाशी गेलो आणि म्हणालो, मावशी, तुम्हाला सोडलंय.

"असू दे, साहेब," ती म्हणाली, "त्यांनी हात जोडले होते मला. एकाच हाताने."